कापगतेंचा हिरवा रंग

कापगतेंना ‘जवळपास’ हा शब्द चालत नसे. सकाळच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की काम जवळपास झालं आहे, तर ते पडद्यावर जरा पुढे झुकत आणि अगदी शांतपणे विचारत, “जवळपास हे गाव कोणत्या तालुक्यात येते जी?”

पुण्याच्या मुलांना हे आधी कळत नसे. मग ते हिंदीत विचारत, “हुआ, या हो रहा है?” या दोन्हींच्या मधलं काही त्यांना मंजूर नव्हतं. झालं असेल तर झालं म्हणा. होऊन राहिलं असेल तर कोणामुळे अडलं आणि कधी सुटेल ते सांगा. मी पगाराचे आकडे तपासणारा माणूस. ‘अंदाजे’ या शब्दाशी माझंही जन्माचं वाकडं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मला वाटलं, आपल्यासारखा एक भेटला.

आमची कंपनी इतर कंपन्यांच्या नोकरदारांचा पगार काढायचं सॉफ्टवेअर बनवायची. ऑफिस पुण्याला. महामारीत सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा मी मोहाडीला माझ्या घरी आलो आणि कापगते साकोली तालुक्यातल्या एकोडीला त्यांच्या. पुण्यात असताना आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्याइतकी होती. दोघे एकाच जिल्ह्यातले, हे एकमेकांना कळलं ते घरी परतल्यावर. एकदा त्यांच्या मागून कोणीतरी “काहून गा, जेवत नाई का?” असं ओरडलं आणि मी इकडे खुर्चीत सरळ बसलो.

हुद्द्याने ते टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर. म्हणजे काय, हे एकोडीत कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांचे एक काका रोज ओसरीत येऊन बसत आणि पुतण्याकडे बघत राहत. एक दिवस न राहवून त्यांनी विचारलं, “दिवसभर बोलूनच राहतोस. काम कवा करतोस गा?”

“बोलणंच काम आहे काका.”

“बोलतो त आमीबी. आमाले कोण पगार देते?”

ही गोष्ट कापगते स्वतःच आम्हाला सांगत आणि सांगून झाल्यावर सगळ्यांच्या आधी हसत. पण काकांना त्यांनी नंतर जे समजावलं ते मी आजही कोणी विचारलं तर सांगतो, कारण त्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. भाताच्या रोवण्याचे दिवस होते; आमच्याकडे भाताच्या रोपांना पऱ्हे म्हणतात आणि खाचराला बांधी. ते काकांना म्हणाले, पऱ्हे तयार पाहिजे, बांधीत चिखल झाला पाहिजे, तलावाचं पाणी सुटलं पाहिजे आणि रोवणाऱ्या बाया त्याच दिवशी आल्या पाहिजेत. पऱ्हे खोदलं आणि बाया दुसऱ्याच्या बांधीत गेल्या, तर रोपं वाळतात. बाया आल्या आणि पाणी सुटलं नाही, तर दिवस वाया जातो. पऱ्हे मी खोदत नाही, चिखल मी करत नाही, पाणी माझ्या हातात नाही. पण चारही गोष्टी एका दिवशी एका बांधीत आणायच्या, ते माझं काम. “आमच्या बाया हैदराबादेत असतात, अना पाणी पुण्यातून सुटते,” ते म्हणाले. काकांनी मान डोलावली. “म्हणजे दिवाणजी आहेस,” ते म्हणाले, आणि त्यानंतर कधी विचारलं नाही.

घरात नेटवर्क मिळालं नाही की ते लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर जात. तिथे एका आंब्याखाली त्यांची प्लास्टिकची खुर्ची असे. रोवण्याच्या बाया खालच्या बांधीत गात असायच्या आणि ते गाणं आमच्या मीटिंगमध्ये यायचं. एकदा परदेशातल्या साहेबांनी विचारलं, रेडिओ चालू आहे का? कापगते म्हणाले, “नाही सर, हीसुद्धा एक टीमच आहे. आमच्यापेक्षा वेळेवर काम करते.”

त्यांचं खरं काम मीटिंग संपल्यावर सुरू व्हायचं. फोन वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, “हं, मेश्रामजी. तेथं नाई बोलले ते आता बोला.” आणि मी बोलायचो. कोण कोणाची चूक झाकतो आहे, कोणता मुलगा नोकरी सोडायच्या तयारीत आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे, कारण ते सगळ्यांनाच असे फोन करत. कोणाच्या मुलीची बारावी, कोणाच्या बायकोचे दिवस भरत आलेले, कोणाचं घराचं बांधकाम छतापर्यंत आलेलं, त्यांना सगळं लक्षात असायचं. आम्ही म्हणायचो, माणूस किती जीव लावतो.

माझ्या घरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होती ती माझी आई. मी मोहाडीला आल्यावर वर्षाच्या आतच तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळत झालं. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, ती सकाळी निघते. मुलगी शिकायला नागपूरला. दिवसा आईजवळ मी एकटा. तिच्या खाटेशेजारी मी टेबल मांडलं, आकडे तपासता तपासता तिची कूस बदलू लागलो, आणि डॉक्टर म्हणाले की इतकी स्वच्छ पाठ त्यांनी अशा रोग्याची क्वचित पाहिली आहे. माझी नोकरी घरून होती म्हणून हे शक्य होतं. नोकरी घरून राहणं, ही माझ्यासाठी सोयीची गोष्ट नव्हती. तिची पाठ त्यावर टिकून होती.

मग कंपनीने सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं. मी राजीनामा लिहायला बसलो होतो. कापगतेंना स्वतःला गावाहून काम करायची मुभा मिळाली होती; त्यांनी मला थांबवलं. मोठ्या साहेबांशी ते काय बोलले ते मला माहीत नाही, पण आठवडाभराने फोन आला, “मेश्रामजी, तुमी मोहाडीतच राहा. तुमच्यासारखं काम पुण्यात बसून कोणी करून राहिलं असन त दाखवा, म्हटलं त्याईले.” त्या रविवारी ते आईला भेटायला आले. बायकोने भाजी-भाकरी केली होती. आमच्या स्वयंपाकघरातच पाटावर बसून ते जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि आईशी तासभर बोलले. तिचे अर्धे शब्द त्यांना कळत नव्हते, तरी ते हो ला हो करत नव्हते. “नाई समजलं आई, पुन्हा सांगा,” म्हणत. आईला ते फार आवडलं. आजारी माणसाचं बोलणं कळलं नाही तरी लोक बहुतेक वेळा कळल्याचं नुसतं दाखवतात.

त्यांच्यावर माझा जो विश्वास बसला त्याला आणखी एक प्रसंग कारण होता. आमच्या कामात प्रत्येक गोष्टीला एक रंग असतो. सगळं ठीक असेल तर हिरवा, धोका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. साहेब लोक फक्त रंग बघतात. नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायच्या आदल्या दिवशी मला एक चूक सापडली. महिन्याच्या मध्ये पगारवाढ झाली की पैसे पूर्णांकात करताना एक रुपयाचा फरक येत होता, आणि तो सगळ्यांच्या बाबतीत नाही, काहींच्याच बाबतीत. पुण्याच्या मुलांचं म्हणणं पडलं, एक रुपया कोण बघतो, पुढच्या वेळी सुधारू. मी म्हणालो, ज्याचा कापला तो बघतो.

कापगतेंनी मला एवढंच विचारलं, “पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी सगळ्यांसमोर हिरवा काढून लाल लावला. परदेशातल्या साहेबांनी त्यांना भर मीटिंगमध्ये झापलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझं नाव घेतलं नाही. नंतर फोनवर म्हणाले, “लाल दाखवायची लाज कायची? लाल असून हिरवं दाखवलं, त मग आपल्या कामात रायलं काय?”

हे वाक्य मी बायकोलाही सांगितलं होतं.

पुढे त्यांनी एक प्रथा सुरू केली. प्रत्येकाने आपलं काम दुसऱ्या कोणाला तरी शिकवायचं. मग शिकणाऱ्याने तेच उलट शिकवणाऱ्याला शिकवून दाखवायचं, म्हणजे काय राहिलं ते उघडं पडतं. ते म्हणत, “एकाच माणसाच्या डोक्यात असलेलं काम हे काम नोहे जी, उपकार आहे. कंपनी उपकारावर चालत नाई.” मला पटलं. माझ्या वाट्याला दक्षिणेकडच्या एका शहरातल्या आमच्या दुसऱ्या ऑफिसातली दोन माणसं आली, एक मुलगी आणि एक तिच्याहून जरा मोठा गृहस्थ. मी त्यांना सगळं शिकवलं. निरनिराळ्या राज्यांचे कराचे नियम, थकबाकी कशी काढायची, कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती खोड, आकडा कुठे फसतो. काही राखून ठेवावं असं मनातही आलं नाही. मुलगी हुशार होती. तिने उलट शिकवून दाखवलं तेव्हा माझी एक चूक दुरुस्त केली, आणि मला मास्तरासारखा आनंद झाला.

ही शिकवणी चालू असतानाच नागपूरच्या एका लहान कंपनीने मला बोलावलं. पगार थोडा कमी, पण आठवड्यातून दोनच दिवस नागपूरला जायचं, बाकी घरून. त्यांना उत्तर लवकर हवं होतं. मनात शंका असण्याचं तसं कारण नव्हतं, पण मी कोणतीही गोष्ट दोनदा तपासतो. कापगते तहसील कचेरीत सासरकडच्या शेतीच्या सातबाऱ्याच्या कामासाठी मोहाडीला आले होते, बाजाराचा दिवस होता, दुपारी ते घरी आले. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. आई आत खाटेवर, दार उघडं.

मी म्हणालो, “कापगतेजी, एक विचारतो, सरळ सांगा. नागपूरवाले बोलावून राहिले. माझं इथलं कसं आहे? कोणत्या रंगात आहे मी?”

त्यांनी आत आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“हिरव्यात आहे,” ते म्हणाले. “बिनघोर राहा. कायले जाता धावत नागपूरले? आईले कोण पाहील त्या दोन दिवशी?”

मी त्याच संध्याकाळी नागपूरला नकार कळवला.

हिवाळा सरता सरता शिकवणीची शेवटची मीटिंग झाली. सगळे होते. त्या मुलीने शेवटी हात वर केला आणि अगदी आदराने मला हिंदीत विचारलं, सर, पुढच्या महिन्यापासून आपण नसाल, तेव्हा काही अडलं तर आपल्या घरच्या फोनवर विचारलं तर चालेल का? तिला वाटलं, मला माहीत आहे. तिचा काही दोष नव्हता. तिच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की पुण्याची आमची टीम बंद होते आहे आणि काम त्यांच्याकडे जातं आहे.

मी कापगतेंच्या चौकटीकडे पाहिलं. कोणी काही बोलायच्या आत उत्तर देणारा हा माणूस. त्यांचा माइक बंद होता. ते खाली बघत होते. मग माइक उघडला आणि ते म्हणाले, “इस पर हम अलग से बात करेंगे.”

त्या दिवशी मीटिंगनंतर फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईजवळ बायकोला बसवून मी मोटरसायकलने एकोडीला गेलो. कापगते ओसरीतच होते, जणू वाट पाहत असल्यासारखे. काका नेहमीच्या जागी बसले होते, पण माझा चेहरा बघून उठून गेले.

“कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“शिकवणी सुरू व्हायच्या आधीपासून.” त्यांनी टाळलं नाही. “शिकवणी त्याच्यासाठीच होती.”

“अना मी अंगणात विचारलं तेव्हा?”

“तेव्हाबी माहीत होतं. मले सही करून द्या लागली होती मेश्रामजी. कोणालेच सांगता येत नव्हतं.”

“नका सांगू. मी कंपनीचं गुपित मांगायले आलोच नव्हतो. ‘याच्यावर मले बोलता येत नाई’ एवढं म्हटलं असतं, तरी मी समजलो असतो. नागपूरले हो म्हटलं असतं.”

मग म्हणाले, “म्हणूनच नाई म्हटलं.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते पुढे बोलत गेले, मीटिंगमध्ये बोलत तशाच आवाजात. “तुमी मधातच गेले असते त त्याईले शिकवलं कोणं असतं? पगाराचं सारं तुमच्या डोक्यात. अख्खा प्रोग्राम लाल झाला असता. त्याच्यावर तिकडच्या लोकाईचं काम, माझं काम, सगळंच होतं.”

“अना माझं?”

“तुमचं मी मनात धरलं होतं. टीम बंद व्हायच्या आत दुसरीकडं कोठं लावून देतो म्हटलं. बोलणं सुरू होतं दोन ठिकाणी.”

“म्हणजे होऊन राहिलं होतं,” मी म्हणालो.

त्यांच्या पत्नीने चहा आणला. माझ्या वडिलांच्या काळात आमच्या घरचा चहा नाकारणारी माणसं पुष्कळ होती. आम्ही मात्र कोणाच्या घरचा नाकारला नव्हता, ती आमच्या घरची रीत होती. त्या दिवशी मी कप हातात घेतला नाही. वहिनी बिचाऱ्या ट्रे धरून उभ्या राहिल्या. त्यांना काय माहीत. मी त्यांना नमस्कार केला आणि निघालो.

परतताना मला राग येत होता तो नोकरी गेल्याचा नव्हता. नोकऱ्या जातात, टीम बंद होतात, त्यात कापगतेंचा हात नव्हता. मी सारखा त्या फोनांचा विचार करत होतो. आईची पाठ कशी आहे, रात्री झोपली का, बायकोची बदली तर होणार नाही ना, असं ते दर आठवड्याला विचारत. ते माझ्या आईची चौकशी करत होते की मी जागेवर टिकतो की नाही, ते बघत होते? एखाद्या वेळी दोन्ही असेल. ‘दोन्ही’ हे उत्तर मला कधी आवडलेलं नाही, पण दुसरं सापडत नाही. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. माझ्यासाठी साहेबांशी भांडलेला, माझ्या चुकीसाठी नाही तर माझ्या खरेपणासाठी बोलणी खाल्लेला तोच माणूस होता. त्याने माझा तोच खरेपणा पुरता वापरून घेतला.

नागपूरची ती जागा भरली होती. घरून करायचं काम मी पुष्कळ शोधलं. माझ्या वयाच्या माणसाला ते मिळालं नाही. शेवटी नागपूरलाच एका हिशेबाच्या ऑफिसात जागा मिळाली, रोज हजर राहायची. मुलीजवळ खोलीत राहतो, शनिवारी संध्याकाळी मोहाडीला येतो, सोमवारी पहाटेची बस धरतो. आईजवळ दिवसा गावातली एक बाई बसते. चांगली आहे, पण तिलाही आपलं घर आहे, दोन तासांचे कधी चार होतात. पावसाळ्यात आईच्या पाठीला पहिली जखम झाली.

कापगतेंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या एका शनिवारी. बसस्टँडवरून घरी आलो तर दारात त्यांची गाडी. ते आत आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते. बायकोने सांगितलं, मधूनमधून येतात, तुम्ही नसताना. आईने मला पाहिलं आणि तिचा अर्धा चेहरा फुलला.

“कापगते म्हणे,” ती अडखळत म्हणाली, “तुले मोठी जागा भेटली. साहेबानं मांगून नेलं. म्हणून जा लागते नागपूरले.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. केस बरेच पिकले होते. ते काय मागत होते ते मला कळलं. आईचं पूर्वी रोज बायकोजवळ विचारणं असे, मले टाकून तो कायले जाते? बायको म्हणाली होती की हल्ली ती विचारत नाही.

मी आयुष्यात आईशी खोटं बोललो नव्हतो.

“हो आई,” मी म्हणालो. “मोठी जागा आहे.”

कापगते उठले. आईच्या पायांना हात लावला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि बाहेर पडले. आमच्याकडे पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जातात. मी गेलो नाही. फाटक वाजलं, गाडीचं दार वाजलं, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज काही येईना. खिडकीतून दिसत होतं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते नुसते बसले होते.

आईची कूस बदलायची वेळ होऊन गेली होती. मी तिच्या पाठीखाली हात घातला.

“थांब,” आई म्हणाली, “आधी त्याले जाऊ दे. पाहुणा आहे दारात.”

मी थांबलो नाही.